पाऊस तुमचा, झड आमची

यंदाच्या वार्षिकांकासाठी विषय सुचवण्याची बैठक झाली तेव्हा कोणीतरी ‘पावसाचा आनंद आणि पावसाच्या आठवणी’ हा विषय काढला आणि वर्गात लगेच दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे, विषय सुंदर आहे, प्रत्येकाला काही ना काही लिहिता येईल. दुसऱ्या पक्षातले एक मित्र तावातावाने उठले आणि म्हणाले, “अमरावती जिल्ह्यात राहून पावसाचा आनंद कसला लिहिता? इथे पावसापायी माणसे गळफास घेतात. आनंद शहरातल्या गॅलरीत बसणाऱ्यांनी लिहावा.” टाळ्या अर्थात दुसऱ्या पक्षाला जास्त पडल्या. मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण मला दोन्ही पक्ष पटत नव्हते, आणि तिसरा पक्ष मांडायला दहा मिनिटे पुरणार नव्हती. तो येथे मांडते.

प्रथम पहिल्या पक्षाबद्दल. पाचवीपासून ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध आपल्या सर्वांच्या मागे लागलेला आहे. निबंधमालेत तो तयार मिळतो. त्यात डोंगर हिरवा शालू नेसतात, धबधबे कोसळतात, मोर नाचतो, मुले कागदी होड्या सोडतात आणि शेवटी आई कांदाभजी व वाफाळता चहा घेऊन येते. (आमच्याकडे भजी नसतात, भजे असतात, पण ते असो.) हा पाऊस खोटा आहे असे मी म्हणत नाही. कोकणात, घाटमाथ्यावर, पुण्या-मुंबईकडे तो खरोखर तसा पडतही असेल. पण आमच्या नांदगाव पेठेत तो तसा पडत नाही. आमच्याभोवती डोंगर नाही, धबधबा नाही. आहे ती सपाट काळी जमीन, मधून जाणारा नागपूरचा हमरस्ता, एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि औष्णिक वीज प्रकल्पाची धुराडी. येथे पाऊस पडला की हिरवा शालू दिसायला पंधरा दिवस लागतात. त्याआधी दिसतो तो चिखल, आणि चिखलही साधा नव्हे. काळ्या मातीचा चिखल चपलेला असा धरतो की पाच पावलांत चप्पल शेरभर वजनाची होते. म्हणून पांदणीने जाताना आम्ही चपला हातात घेतो. चपला हातात घेतलेला विद्यार्थी मी अजून एकाही निबंधात पाहिला नाही.

मुळात आमच्या घरी ‘पाऊस’ हा शब्दच फारसा कोणी उच्चारत नाही. आम्ही म्हणतो ‘पाणी’. तेही ‘पाणी आलं’ नव्हे; पाणी आलं म्हणजे नळाला आलं. आभाळातून येतो तेव्हा माझी माय म्हणते, “पाणी आला.” जसा एखादा माणूस आला, पाहुणा आला, तसा. (घरी मी माय म्हणते म्हणून येथेही मायच लिहिणार आहे. कॉलेजात आल्यापासून दोन वर्षे ‘आई’ म्हणून पाहिले, पण मग मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलते आहे असे वाटू लागते.) शाळेत व्याकरण शिकताना ‘पाणी’ नपुंसकलिंगी आहे हे मला कळले. तरी आभाळातले पाणी पुल्लिंगी असते हा मायचा नियम मला अधिक बरोबर वाटतो.

आता त्या पाण्याचे प्रकार पाहा. वर्षाला आमच्याकडे सरासरी ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस होतो. महाबळेश्वरला याच्या सहापट पडतो. पण एवढ्याशा पावसाला आमच्या लोकांनी किती नावे ठेवली आहेत! मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे, एकेक तेरा-चौदा दिवसांचे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. हस्ताचा तो हत्ती. आला आणि लगेच गेला तो शिरवा. चार-पाच दिवस हटत नाही ती झड. झड थांबून ऊन पडले की उघाड. आणि उघाड लांबत लांबत पिकाने माना टाकल्या की त्याला मग उघाड म्हणत नाहीत, खंड म्हणतात. जमिनीत पाणी किती मुरले ते बोटांनी मोजायचे, ती ओल. जमीन काम करण्याजोगी झाली की वाफसा. एकच घटना, पण ती आभाळात, जमिनीत, पिकात आणि माणसाच्या मजुरीत कुठवर पोचली यावरून तिचे नाव बदलते. निबंधमालेत या सगळ्यांसाठी एकच शब्द आहे : रिमझिम.

माझ्या आजोबांना वाचता येत नसे. मे महिन्याच्या अखेरीस ते शेजाऱ्यांकडून पंचांग मागून आणीत आणि मला समोर बसवून विचारीत, “यंदा मिरगाचं वाहन काय हाय?” मी दुसरी-तिसरीत असेन. अक्षर लावून लावून मी वाचायची : बेडूक. आजोबांचा चेहरा खुलायचा, कारण बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे पाणी चांगला. कोल्हा निघाला तर ते म्हणायचे, “पुन्हा वाच.” आमच्या घरात अक्षराचा पहिला उपयोग झाला तो हा. वाहनावर आज माझा विश्वास नाही. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून पावसाचे भाकीत करतात, त्यावरही नाही. पण भाकीत आले की आमच्या गल्लीत सगळे ऐकतात आणि मीही ऐकते. कृषी खात्याचा सल्ला तर मीच घरी मोठ्याने वाचून दाखवते, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. बाबा तो ऐकून घेतात आणि शेतमालकाच्या वावरात जाऊन हाताने माती उकरून चार बोटे ओल आहे का ते पाहून येतात. दोन्ही उत्तरे बहुधा एकच निघतात.

आता झडीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यावरच उभे आहे.

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते ओडिशा-छत्तीसगडावरून पश्चिमेकडे सरकते आणि विदर्भावर येऊन रेंगाळते, तेव्हा आमच्याकडे झड लागते. झडीत विजा फारशा चमकत नाहीत, गडगडाटही होत नाही. आभाळ एका रंगाचे होऊन खाली येते आणि न घाईने, न थांबता पाणी चालू राहतो. पहिल्या दिवशी बरे वाटते. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत नाहीत. तिसऱ्या दिवशी पऱ्हाट्या ओल्या होऊन चूल पेटत नाही, घरभर धूर होतो. चौथ्या दिवशी भिंतीला ओल चढते, मिठाला पाणी सुटते आणि काड्यापेटी मायच्या पदराच्या गाठीत जाते.

आजोबांच्या वेळी आमचे घर धाब्याचे होते. मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, चोपायची, तरी झडीत कुठेतरी गळायचेच. मग गंज, पातेली, परात, जे सापडेल ते गळतीखाली. रात्री प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. मी पाच-सहा वर्षांची असताना धाबे काढून टिना टाकल्या. टिनांवर पाणी आला की बोललेले ऐकू येत नसे, त्यामुळे भांडणेही थांबत. आता घरकुल योजनेतून स्लॅबचे घर झाले आहे. गळत नाही. पण रात्री पाणी सुरू झाला की थांबला हे आत कळत नाही. माय तीनदा उठून दार उघडून पाहते. स्लॅबचे घर चांगलेच आहे, त्याबद्दल दुमत नाही. धाब्याच्या गळतीचे गोडवे ज्यांना गायचे असतील त्यांनी एक झड धाब्याखाली काढून मग गावेत.

माझी माय निंदणाला जाते. आमचे स्वतःचे वावर नाही. जूनच्या अखेरीपासून पोळ्यापर्यंत तिचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, आठाला ती डबा घेऊन बायांबरोबर निघते आणि संध्याकाळी सहाला परत येते. वाकून वाकून संध्याकाळी तिला सरळ उभे राहता येत नाही. झड लागली की निंदण बंद. ओल्या काळ्या मातीत पाय ठेवता येत नाही, डवरा चालत नाही. निंदण बंद म्हणजे रोज बंद. चार दिवस झड म्हणजे चार दिवसांचा रोज गेला, आणि किराणा उधारीवर.

दुसऱ्या पक्षाचे मित्र म्हणतील, मग आम्ही हेच तर सांगत होतो! थांबा. त्याच चार दिवसांत काय काय व्हायचे तेही ऐका.

माय घरी असायची. भर दिवसा, दुपारी दोन वाजता, माय घरी! आम्हा तिघा भावंडांना याचे एवढे अप्रूप असायचे की शाळेला सुट्टी नसली तरी आम्ही पोटदुखी काढायचो. ती ओसरीवर पाय पसरून बसायची. माझ्या केसांना तेल लावून हळूहळू विंचरायची; एरवी वेणी म्हणजे दोन मिनिटांची ओढाताण. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शेजारच्या दोन-तीन बाया यायच्या. कोणी गोधडी शिवायला घ्यायची, कोणी नुसतीच बसायची. बांधाकडून तरोट्याची कोवळी पाने खुडून आणलेली असायची. तरोटा विकत घ्यावा लागत नाही, झडीत तो आपोआप उगवतो. तव्यावर मूठभर शेंगदाणे भाजले जायचे. आणि मग गोष्टी. मायच्या माहेरच्या गोष्टी, नदीला पूर आला तेव्हा बैल कसा पोहून आला त्याची गोष्ट, माझ्या आत्याच्या लग्नात वऱ्हाडाच्या बंड्या नाल्याअलीकडे कशा अडकल्या त्याची गोष्ट. १९९१ च्या ३० जुलैला वर्धा नदीच्या पुरात मोवाड गाव वाहून गेले आणि २०४ माणसे मेली, हे मी इतिहासाच्या पुस्तकात वाचले नाही, झडीत ओसरीवर ऐकले. त्या गोष्टीच्या वेळी कोणी हसत नसे, आणि माय उठून एकदा आभाळाकडे पाहून येत असे.

मी मोठी झाल्यावर एकदा मायला सरळच विचारले, की झड लागली की तुला वाईट वाटते का बरे वाटते? तिला प्रश्नच विचित्र वाटला. थोड्या वेळाने म्हणाली, “काम बंद त पैसा बंद, हे त हायेच. पन झडीतच तं बसाले भेटते वं माये.”

मित्रहो, या वाक्यात माझा तिसरा पक्ष आला आहे. पैसा बंद हेही खरे आणि बसायला मिळते हेही खरे. यातले एक खोडून दुसरे लिहायचे तर मायचे अर्धे वाक्य खोडावे लागेल. जे म्हणतात की गरिबाला पावसाचा आनंद नसतो, ते गरिबाच्या बाजूने बोलतात असे त्यांना वाटते. पण नकळत ते माझ्या मायच्या त्या चार दुपारीही काढून घेतात. वर्तमानपत्रात पावसाची दोनच छायाचित्रे येतात. एक चिखलदऱ्याच्या धुक्याचे, आणि दुसरे कपाळाला हात लावून आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याचे. आभाळाकडे आम्ही हिशेबासाठी पाहतो हे खरे. पण कधीकधी नुसतेच पाहतो, चांगले दिसते म्हणून. त्या वेळी छायाचित्रकार तेथे नसतो.

आमच्या मराठीच्या सरांनी ‘मेघदूता’तला काही भाग शान्ता शेळके यांच्या अनुवादातून वाचून दाखवला होता. मला तोपर्यंत वाटे की कालिदासाचा मेघ म्हणजे कुठल्यातरी दूरच्या, हिमालयाकडच्या आभाळातला. पण यक्ष राहतो रामगिरीवर, आणि रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. त्यांचे मत मानले तर भारतातला सर्वात प्रसिद्ध ढग आमच्याच विदर्भाच्या आभाळात उभा राहिला होता! आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. यक्षाला मेघ पाहून पत्नीची आठवण येते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो मेघाला वाटेतली शेतेही सांगतो, आणि सांगतो की पीक तुझ्या हाती आहे म्हणून खेड्यातल्या स्त्रिया तुझ्याकडे पाहतील. त्यांना भुवयांचे विभ्रम ठाऊक नाहीत, त्या प्रेमाने भरलेल्या डोळ्यांनी पाहतील. त्यानंतर नुकत्याच नांगरलेल्या जमिनीच्या वासाचा उल्लेख येतो. म्हणजे एवढा मोठा राजदरबारी कवी, त्यालाही हे कळले होते की एकाच ढगाकडे पाहणारे डोळे दोन तऱ्हेचे असतात, आणि शेतातल्या बाईच्या पाहण्यातही हिशेब आणि प्रेम एकत्रच असते. आमच्या दुसऱ्या पक्षाच्या मित्रांनी हा श्लोक जरूर वाचावा.

जवळच्या लेखकांत मला हे सापडले ते उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये. ही कादंबरी १९६० ची. तिच्यातली कौतिक बोलते तशी माझी माय बोलते, आणि छापील पुस्तकात ती भाषा पाहून मी पहिल्यांदा पान मिटून थोडा वेळ बसून राहिले होते. डॉ. विठ्ठल वाघांची तिफणीची कविता तर आमच्याकडे न शिकलेल्यांनाही पाठ आहे. तेव्हा आमच्या पावसाला साहित्य नाही असेही नाही. आहे, पण परीक्षेत निबंध लिहायला बसलो की आपण ते सारे बाहेर चपलांजवळ ठेवून आत जातो.

आता खंडाबद्दल, कारण फक्त झडीचे लिहिले तर मीही चित्र अर्धेच काढले असे होईल. २०२२ च्या जुलैत विदर्भभर पाणी हटेना. आणि पुढच्याच वर्षी, २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदीतला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. मी तेव्हा बारावीत होते. सोयाबीन फुलावर होते आणि आभाळ असे स्वच्छ की पाहवत नव्हते. त्या दिवसांत आमच्या गल्लीतून धोंडी निघाली. मुसळाला बेडूक बांधायचा, एका पोराला कडुनिंबाच्या डहाळ्या नेसवायच्या, घरोघर फिरायचे आणि बायांनी त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतायचे. पोरे अर्थात मजेत होती. पण पाणी ओतणाऱ्या बायांचे चेहरे मजेचे नव्हते. खंडातही निंदण चालू असते, रोज मिळतो, आणि तरी मायचा चेहरा झडीपेक्षा खंडात जास्त उतरलेला असतो. कारण पीक गेले तर पुढे कपाशी वेचायला कोण बोलावणार? पावसाने मजुरी जाते आणि पाऊस नसल्याने वर्ष जाते. हा हिशेब तिला कोणी अर्थशास्त्रात शिकवलेला नाही.

दर्यापूरकडची माझी एक मैत्रीण आहे. तो पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. तेथे विहिरीचे पाणी खारट लागते. ती सांगते, पहिला पाणी आला की त्यांच्याकडे आजी छपराच्या पन्हाळीखाली हंडा लावते आणि पहिला पेला सर्वांना वाटते, कारण वर्षातले ते सर्वात गोड पाणी. हा आनंद आहे की अभाव आहे, याचे उत्तर कोणत्या पक्षात बसवायचे?

आमच्याकडचे पिण्याचे पाणी येते ते मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. अमरावती शहरही तेच पिते, आणि आमच्या शेजारचा वीज प्रकल्पही तेथूनच घेतो. शेतीचे पाणी कारखान्याला का, यावर जिल्ह्यात मोठी आंदोलने झाली. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यावर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लिहावे. मला एवढेच सांगायचे आहे की धरण भरले आणि तेरा दरवाज्यांपैकी काही उघडले की आमच्या गावची माणसे गाड्या काढून ते पाहायला जातात. वावर नसलेलीही जातात. त्या पाण्याचा थेंबही त्यांच्या शेतात येणार नसतो. तरी ती पुलावर उभी राहून तास तास पाहतात आणि कणीस खात परत येतात. यालाच मी पावसाचा आनंद म्हणते.

चिखलदऱ्याला मी गेल्या वर्षी प्रथम गेले, कॉलेजच्या सहलीबरोबर. धुके खरेच सुंदर आहे, निबंधमाला तेथे खरी ठरते. पण मला आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. आम्ही मुली तेथे मनसोक्त भिजलो आणि कोणी काही म्हणाले नाही. गावात मुलगी नववीत गेली की पावसात भिजणे संपते. भाऊ भिजून आला तर टॉवेल मिळतो, बहीण भिजून आली तर बोलणी मिळतात. भुलाबाईच्या दिवसांत, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, आम्ही मुली घरोघर गाणी म्हणत फिरायचो, तेव्हा परतीच्या पावसाच्या सरीत सापडून भिजणे हे एक तेवढे मान्य होते. खिरापतीचा डबा मात्र कोरडा ठेवायचा. आता भुलाबाई आमच्या गल्लीत दोनच घरी बसते. यावर मी स्वतंत्र लेख लिहू शकेन, पण संपादकांनी पाने मोजून दिली आहेत.

माझा मोठा भाऊ औद्योगिक वसाहतीत कपड्याच्या कारखान्यात जातो. त्याला झड नाही. रेनकोट चढवून तो रात्रपाळीला निघतो आणि सकाळी येतो. आत मशीन चालू, बाहेर पाणी आला काय, गेला काय. त्याचा पगार झडीत बंद होत नाही, आणि त्यामुळे आता झडीत आमची उधारी होत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे; ती लहान करून मी कुठल्याही आठवणीचे कौतुक करणार नाही. पण परवा माय म्हणाली की त्याच्या मुलांना झड ठाऊक होणार नाही. त्याचे अजून लग्नही झालेले नाही, हा भाग निराळा.

कोणी म्हणेल, एकोणीस वर्षांच्या मुलीला कसल्या आल्या आठवणी? हा प्रश्न मला बाबांनीही विचारला. पण धाबे, टिना आणि स्लॅब हे तिन्ही मी एकोणीस वर्षांत पाहिले. पोळ्याला बैल कमी होताना पाहिले. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मात्र वाढले. ज्वारी जाऊन सोयाबीन आले ते माझ्या जन्माच्या आसपासचेच. वस्तू गेली की तिचा शब्द थोडे दिवस रेंगाळतो आणि मग तोही जातो. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी ‘वाफसा’ म्हणजे काय विचारले तर आठांपैकी दोघींना सांगता आले, आणि त्या आठही जणी खेड्यांतूनच येतात.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या कॉलेजात येणारी बरीच मुले-मुली माझ्यासारखी आहेत, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. तिवसा, मोर्शी, भातकुली, दर्यापूर, धारणी अशा ठिकाणांहून आपण येतो, आणि मेळघाटातल्या मित्रांची तर कोरकू भाषाच वेगळी. प्रत्येकाने येत्या झडीत घरी बसून पावसाचे पाच शब्द विचारून आणावेत : शब्द, तो कोण वापरते, आणि कधी वापरते. मराठी विभागाने ते भित्तिपत्रकावर लावावेत, आणि सप्टेंबरात ते उतरवून एका वहीत लिहून ग्रंथालयात ठेवावेत. खर्च काही नाही. फक्त सध्याच्या भित्तिपत्रकाची काच फुटलेली आहे आणि ते व्हरांड्याच्या उघड्या बाजूला टांगलेले आहे, त्यामुळे जुलैत त्यावरची शाई ओघळते. तेवढे ते आतल्या भिंतीवर हलवावे लागेल. त्यासाठी दोन खिळे आणि एक स्टूल हवे. स्टूल ग्रंथालयात आहे.